काडेपेटीतला नमुना

बाबा, काल आमच्या अवधपुरीच्या गल्लीत जनावरांचे डॉक्टर आले होते, भटक्या कुत्र्यांना जंताचं औषध द्यायला. मी फाटकात उभी राहून इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "आंटी, आपको ये सब किसने सिखाया?" मी म्हटलं, वडिलांनी, ते कारखान्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये होते.

तिथून बाद झालेला सूक्ष्मदर्शक आपल्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात असायचा. रविवारी तुम्ही वसाहतीतल्या कुत्र्यांची विष्ठा तपासायचात, कुणी सांगितलं नसताना. नमुने मी काडेपेटीतून आणायची. जंतांची अंडी वर तरंगायला, आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारं पाणी लागायचं, ते आईच्या खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत आयतंच असे. "अहो, त्या बरणीला हात लावलात तर जेवण व्हरांड्यातच वाढीन," आई म्हणायची. "अगं, तुझ्या खारात अंडी काय सुरेख तरंगतात," असं तुम्ही कौतुकाने सांगायचात. मग ती दोन दिवस बोलायची नाही.

मला अजून दिसतं: मी नऊ वर्षांची आहे आणि मला पायरीखालचं पिल्लू घरात हवंय. तुम्ही म्हणता, "नमुना स्वच्छ निघाला तर आत. धाकटी रांगतेय." पिल्लाचं पोट ढोलकीसारखं फुगलेलं. मी काडेपेटी घेऊन सरळ वसाहतीच्या फाटकावर जाते. चौकीदाराच्या कुत्र्याला तुम्ही पंधरवड्यापूर्वी औषध दिलंय. "बिटिया, फिर डिब्बी? पापा को और कोई शौक नहीं?" चौकीदार हसतो.

तुम्ही बराच वेळ भिंगातून पाहिलंत. मग पिल्लाच्या पोटाकडे, मग माझ्याकडे. "एकही अंडं नाही," म्हणालात. तरीही गुळातून औषध दिलंत आणि "सवय होईपर्यंत" त्याला व्हरांड्यातच बांधलंत. सकाळी वर्तमानपत्रावर शिजलेल्या शेवयांसारखे जंत. मी रडायच्या बेतात होते, तर तुम्ही म्हणालात, "हे आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, माहितीये?" मी विचारलं, "कसे?" शाळेची बस येईपर्यंत तुम्ही कागदाच्या कडेला चित्रं काढत बसलात. काडेपेटीचं नाव काढलं नाहीत.

काल डॉक्टरांना तेच विचारलं. इतके जंत असताना नमुना स्वच्छ निघेल का? "कीड़े छोटे हों तो हो सकता है," ते म्हणाले. आपले तर बोटभर लांब होते. म्हणजे नमुना पिल्लाचा नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं. कुणाचा नमुना ते मात्र कळलं नसणार.

कारण तुमची वही माझ्याकडे आहे. औषध दिलेल्या प्रत्येक कुत्र्यापुढे फेरतपासणीचा निकाल आहे, फक्त चौकीदाराच्या कुत्र्यापुढची जागा कोरी. त्याच आठवड्यात तो कुत्र्याला घेऊन कायमचा गावी गेला, आणि "तेवढा एक राहिला" असं तुम्ही पुढे कितीदा म्हणालात. मी तिथेच पाटी पुसत बसलेली असायची.

हे पत्र त्याच पानात ठेवतेय. कोऱ्या जागेत आज पेन्सिलीने लिहिलं: स्वच्छ. तुमचं औषध लागू पडलं होतं, बाबा. निकाल तुम्ही स्वतःच पाहिला होतात.