पुस्तकातलं उलटं चॅपल

वॉटफर्ड,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय पुरुषोत्तम भाऊजींना,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि हिअरिंग एड ड्रॉवरमध्ये आराम करतं, असं आशा सांगते. म्हणून पत्र.

सुश्रुतच्या तनिषाला युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चरचा प्रोजेक्ट आहे. त्यासाठी तिने चॅरिटी शॉपमधून आपल्या हर्टफर्डशरमधल्या जुन्या चर्चेस आणि चॅपल्सच्या फोटोंचं पुस्तक आणलं. मी सहज चाळायला घेतलं, ते आता तिला परत द्यायला होत नाही.

का, ते तुम्हांलाच कळेल. पंचाहत्तर साली आमचं पहिलं बाळ, मुलगी, जन्मतःच गेलं, तेव्हा मी तापाने हॉस्पिटलमध्ये पडून होते. तुम्ही आणि हे तिला घेऊन गेलात. कुठे पुरलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. एकदाच, सुश्रुत लहान असताना, सेंट ऑल्बन्सहून येताना यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, की इथून जवळच ते चॅपल आहे, दारापाशी मोठं झाड असलेलं. मी नुसती खिडकीबाहेर बघत राहिले. आता हे नाहीत. विचारायला तुम्हीच उरलात.

पण भाऊजी, या पुस्तकात जिथे तिथे झाडं! दगडी आहेत, विटांची आहेत. एकाला चर्च म्हटलंय आणि ते चॅपलसारखं दिसतं. माझं डोकं पार गरगरतंय. तीन पानांच्या फोटोकॉपी पाठवतेय. नीट चष्मा लावून बघा.

आशाला आशीर्वाद. माया आहेच, ती पत्राने कळू द्या.

तुमची,
अरुणावहिनी


कॉव्हेंट्री,
१३ फेब्रुवारी २०२४

ती. अरुणावहिनींना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आशाने विचारलं काय झालं, तर तिला पत्रच दिलं.

वहिनी, मला नागपूरहून येऊन तेव्हा जेमतेम एक हिवाळा झाला होता. गावांची नावं कळत नव्हती. यतीनदादाच्या छापखान्यातला रॉन व्हॅन चालवत होता. त्याचे वडील त्या चॅपलची देखभाल करायचे, म्हणून परवानगी मिळाली. मी मागे बसलो होतो. दादाने पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. मी घेतो म्हणालो, तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला लाल विटा आठवतात, वर गोल खिडकी आठवते, आणि फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला झाड. बर्फ होतं असं वाटतं, पण आशा म्हणते मार्चात कुठलं बर्फ. दुसरा फोटो अगदी तसाच आहे, पण त्यात झाड उजवीकडे. तिसऱ्यात झाड डावीकडे, पण भिंती दगडी. विटा मी नंतर मनाने तर नाही ना जोडल्या? सकाळपासून तिसरं म्हणत होतो, आता पुन्हा दुसरं म्हणावंसं वाटतंय. आशा म्हणते, ज्यांना चहात साखर घातली की नाही ते आठवत नाही, त्यांच्यावर वहिनींनी विसंबू नये.

थंडीला जपा. आमच्यावर आजवर ठेवलीत तशीच मर्जी ठेवा.

आपला,
पुरुषोत्तम


वॉटफर्ड,
२ मार्च २०२४

प्रिय पुरुषोत्तम भाऊजींना,
स. न. वि. वि.

तुमचं तिसरं-दुसरं ऐकून मी तनिषाला घेऊन तिसऱ्याला गेले. दगडी भिंत, डावीकडे झाड. मनात काहीच हललं नाही, तरी मी रडले. मग बाहेरच्या पाटीवर तनिषाने वाचलं, की तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून कुणालाच पुरलेलं नाही. म्हणजे मी कुणासाठी रडले, देव जाणे. घरी येईपर्यंत मला वाटू लागलं होतं, की अशी काही जागा नाहीच. यांनी माझ्या समाधानासाठी ते झाड सांगितलं.

त्या संध्याकाळी तनिषाने दुसरा फोटो भिंगाखाली धरला आणि ओरडलीच. दाराशेजारच्या फळीवरची अक्षरं उलटी होती, आरशात दिसतात तशी! पुस्तक छापताना तो फोटोच उलटा लागलाय. म्हणजे झाड खरं डावीकडेच आहे. भाऊजी, तुम्हांला आठवत होतं ते बरोबर होतं.

गावाचं नाव पेलबरी. चॅपल विकलं गेलं, आता तिथे एक निवृत्त शिक्षिका राहते. मागची दफनभूमी तिने जशीच्या तशी ठेवली आहे. तनिषाने तिला ईमेल केली, तर म्हणाली केव्हाही या. मला एकटीने जायचं नाही. तुम्ही याल का?

उत्तराची वाट पाहते. जिव्हाळा आहे तसाच असू द्या.

तुमची,
अरुणावहिनी


कॉव्हेंट्री,
२५ मार्च २०२४

ती. अरुणावहिनींना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. ट्रेनमध्ये आशाने माझा हात धरून ठेवला होता.

पेलबरीच्या फाटकाशी आलो तेव्हा मला काही शंका उरली नव्हती. पण झाडाखाली गेल्यावर पुन्हा गडबडलो. आधी इथे म्हणालो, मग भिंतीकडे म्हणालो, मग पुन्हा झाडाकडे. खुणेला दगडही नाही. तुम्ही माझी फजिती थांबवलीत. ती एवढ्याच्या आतच कुठेतरी आहे ना, असं म्हणालात आणि सगळ्या गवतावर फुलं पसरून टाकलीत. दादा असता तर त्यानेही मला इतकं सांभाळून घेतलं नसतं.

त्या बाईंनी चहा दिला, तेव्हा त्यांचे आभार मानायचे राहिले. तनिषाला कळवायला सांगा. आपला आशीर्वाद पाठीशी असावा.

आपला,
पुरुषोत्तम


वॉटफर्ड,
३ एप्रिल २०२४

प्रिय पुरुषोत्तम भाऊजींना,
स. न. वि. वि.

आभार कळवले. त्यांनी उलट लिहिलंय, की फुलं वाऱ्याने भिंतीपर्यंत गेली, ती त्यांनी तशीच राहू दिली आहेत.

तुम्हांला स्टेशनवर सोडून परत येताना तनिषा गाडी चालवत होती. मग तिच्या त्या मोडक्या मराठीत तिने विचारलं, की आजी, माझा आत्या कसा दिसत होता. मी त्या मुलीला पाहिलंच नव्हतं. पण सवयीने चूक सुधारायला गेले. म्हटलं, आत्या बाई असते, माझी आत्या म्हणायचं. तिने म्हटलं, माझी आत्या.

भाऊजी, सुश्रुतला बहीण नाही, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द कधी लागलाच नव्हता. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. तिला वाटलं, अजूनही चुकतंय, म्हणून बिचारी वॉटफर्ड येईपर्यंत सावकाश, स्पष्ट म्हणत राहिली.

आशाला प्रेम. तुमचंही आम्हां दोघींवर राहो.

तुमची,
अरुणावहिनी