हात पाठीमागे

सोमवार, ४ मार्च

एकोणिसावी सही मिळाली! 'कॉटवरच अंघोळ घालणे' — एका झटक्यात पास. सह्यांची वही म्हणजे आम्हा शिकाऊ रुग्णसहायकांचा जीव की प्राण. बेचाळीस कामं, बेचाळीस सह्या, मग प्रमाणपत्र. तीन महिने वर्गात रबरी बाहुला पुसून काढला, तो बिचारा कधी कुरकुरला नाही. वॉर्डातली माणसं कुरकुरतात. बरं वाटतं.

बरोबरच्या मुली विशीतल्या, मी एक्केचाळीस. आणि वॉर्डच्या सिस्टर एकोणतीस वर्षांच्या! मला 'ताई' म्हणतात आणि ओरडताना ताईचा काही मुलाहिजा ठेवत नाहीत. ओरडू देत. कामाचा उरक माझ्याइतका कुणालाच नाही. हे इथेच लिहिते — बाहेर बोलले तर म्हणतील, स्वतःचीच टिमकी वाजवते.

बुधवार, ६ मार्च

पाच नंबरचे काका. सलूनवाले. चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि आता 'उजवा हात रुसून बसलाय' — शब्द त्यांचेच. दीड महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालतात. जीभ तर थांबतच नाही. हात तेवढा मागे राहिलाय.

आमच्या वॉर्डात दवाखान्याचे कपडे नसतात. सकाळी उठून प्रत्येकाने आपले घरचे कपडे घालायचे, घरी जायची सवय राहावी म्हणून. काकांचे सगळे शर्ट बटणांचे. सहा बटणं. आज त्यांची बोटं पहिल्याच बटणापाशी नुसती घुटमळत होती. मला बघवेना. पटापट सहाही लावून टाकली, कॉलर सारखी केली. ते हनुवटी वर करून गप्प बसून होते, खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखे.

"हात हलका आहे तुझा," म्हणाले.

सलूनवाल्याच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे! दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

मंगळवार, १२ मार्च

रोज साडेसातला काकांची बटणं. माझीच वाट बघतात. काल दुसरी मुलगी गेली तर म्हणे, "माझी पाळी यायचीय अजून, बसतो."

रोजच्या नोंदींच्या तक्त्यात तीन रकाने असतात — स्वतः, थोडी मदत, पूर्ण मदत. मी 'थोडी मदत'वर खूण करते. सहा बटणं म्हणजे थोडीच की! कागदावर काका जरा बरे दिसावेत, एवढाच हेतू. आपल्या लेकराचे गुण शेजारणीला चार जास्तच सांगतो, तसं.

शुक्रवार, १५ मार्च

वाईट दिवस.

फिजिओ मॅडमनी काकांची चाचणी घेतली. काका एकटे राहतात. काकू जाऊन सात वर्षं झाली, लेक परगावी. जेवण, संडास, कपडे — तिन्ही स्वतःचं स्वतः जमलं तर घरी, नाहीतर कायमचं शुश्रूषा केंद्रात. जेवण झालं. संडासही झालं. मग मॅडमनी शर्ट हातात दिला. काकांनी बाह्या चढवल्या आणि दाराकडे बघत बसले. दारात मी. बटणाला बोटही लावलं नाही. दहा मिनिटांनी मॅडमनी कागद मिटला.

"तक्त्यात रोज 'थोडी मदत' आहे," त्या सिस्टरना म्हणाल्या. "मग हे काय?"

संध्याकाळी काकांच्या लेकीचा फोन आला होता, ती केंद्रातली जागा बघायला लागलीय.

हे मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही. कॉटच्या डोक्याशी मॅडमनी कार्ड लावलेलं आहे — 'स्वतः करू द्या'. रोज त्याच्या खाली उभी राहून मी बटणं लावत होते.

शनिवार, १६ मार्च

घास उतरला नाही. मुलीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. पंधरा वर्षांची आहे, पण ऐकून घेते. मग म्हणाली, "आई, माझ्या बुटांच्या नाड्या तू चौथीपर्यंत बांधत होतीस. सहलीत सुटल्या. बाईंनी बांधून दिल्या. सगळा वर्ग हसला."

मला हे माहीतच नव्हतं. आधी हसू आलं. मग नाही आलं.

सोमवार, १८ मार्च

सिस्टरना सांगून टाकलं. "तक्ता खोटा भरला मी. बटणं सगळी मीच लावत होते."

त्यांनी वही मागितली. 'नोंदी ठेवणे'ची सही होती, तिच्यावर सरळ रेघ मारली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ताई, तुम्हाला त्यांची धडपड बघवली नाही, म्हणून ती त्यांच्याकडून काढूनच घेतलीत."

मग त्यांनीच मॅडमना फोन लावला. पुढच्या सोमवारी पुन्हा चाचणी. तोवर रोज बटणांच्या वेळी मीच समोर बसायचं — हात पाठीमागे बांधून. बोटसुद्धा पुढे येता कामा नये. "आणि काकांना तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

सांगितलं. सगळं — माझी चूक, तक्ता, केंद्र. काका केंद्राचं ऐकून चमकले. "केंद्र? मला वाटलं, नाही जमलं तर इथेच ठेवतील!" मग काठी उचलून खिडकीपर्यंत जाऊन आले.

"शिव्या द्या मला," मी म्हटलं.

"तुला? वस्तरा धरायला शिकलो तेव्हा मी आमच्या उस्तादाचाच कान कापला होता," म्हणाले. "बस तिथे. हात मागे घे."

मंगळवार, १९ मार्च

बावीस मिनिटं. सहा बटणांना. माझे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते, तरी खांदे पुढे सरकायचे. एक बटण काजात शिरतं, की काका थांबतात आणि एक गिऱ्हाईक सांगतात. निम्मी दाढी झाल्यावर बायको दिसली म्हणून साबणासकट पळालेला. दर आठवड्याला टक्कल 'जरा बारीक' करायला येणारा. बटण राहतं बाजूला. मी हसते आणि मनात घड्याळ बघते.

बुधवार, २० मार्च

चोवीस मिनिटं. वाढली!

शुक्रवार, २२ मार्च

आज म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं संपली, आता तू सांग." म्हटलं, काका, बटण! "लावतोय ना. धारेच्या कामाला घाई चालत नाही." मग मीच बोलत सुटले. लवकर लग्न झालं, शिकायचं राहिलं, ते मनात कुठेतरी खुपत होतं. या कोर्सचा अर्ज भरला तेव्हा घरात सगळे हसले होते — हिला कशाला या वयात उमेदवारी! हे मी कुणाला बोलले नव्हते. काका तिसरं बटण धरून ऐकत राहिले. किती मिनिटं झाली, लिहीत नाही. लाज वाटते.

काकांची मला माया लागलीय. वर्गात सांगितलं होतं, अंतर ठेवा. ठेवते की — हात पाठीमागे आहेत, आणखी किती ठेवू?

रविवार, २४ मार्च

सुट्टी. कपडे वाळत घालताना नवऱ्याच्या शर्टाची बटणं मोजत उभी राहिले. तो म्हणाला, "सहाच आहेत. काल पण सहाच होती."

उद्या चाचणी. तेवीस मिनिटांत मॅडम पास करणार नाहीत. त्यांची मर्यादा दहाची आहे. काका केंद्रात जाणार, आणि मला प्रमाणपत्र मिळालं तरी ते मी कोणत्या तोंडाने भिंतीवर लावू?

सोमवार, २५ मार्च

अडीच मिनिटं!!

मॅडमनी शर्ट दिला, काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिलं, दुसरं, तिसरं — बोटं जाडी, थरथरती, पण थांबली कुठेच नाहीत. सहावं लावून कॉलर स्वतःच सारखी केली. मॅडमनी घड्याळ कानाला लावून बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, रडायचं असेल तर लिननच्या खोलीत जा." गेले. चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. परत आले तेव्हा वही टेबलावर होती. रेघ मारलेल्या सहीच्या शेजारी नवी सही.

बुधवार, २७ मार्च

काका घरी गेले. निघताना मी विचारलंच — आठवडाभर बावीस-चोवीस मिनिटं, आणि परवा अडीच?

"बोटं तर तू पहिल्यांदा बटणं लावलीस त्याच आठवड्यात चालायला लागली होती, पोरी. सात वर्षांत इतक्या जवळ उभं राहून कुणी कॉलर सारखी केली नव्हती. म्हणून बटणं लावलीच नाहीत. पण केंद्राचं मला खरंच माहीत नव्हतं."

"आणि मी हात मागे बांधून बसायचे तेव्हा? तेव्हा तर सगळं माहीत होतं!"

"पटकन लावली असती, तर तू सहा नंबरकडे गेली असतीस."