आत्याने न दिलेली मुलाखत

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. (समोर असते तर तू पाय मागे घेऊन "पुरे, पुरे" म्हणाली असतीस, म्हणून कागदावरच ठेवते आहे, म्हणजे कितीही वेळ ठेवता येईल. आज जरा जास्त वेळ ठेवायची गरज आहे.) गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस की खुर्चीच्या पाठीला लटकवून ठेवला आहेस? रक्तदाबाची गोळी घेतलीस का? नसशील तर आधी ऊठ, गोळी घे, पाणी पी, आणि मग पुढचं वाच. मी थांबते.

घेतलीस? बरं. मी आणि बाबा दोघंही ठीक आहोत. म्हणजे बाबा ठीक आहेत. माझं म्हणशील तर कॉलेजात माझी शोभा झाली आणि त्यात तुझा हात आहे. तुला न विचारता मी तो घालून ठेवला होता, एवढंच.

तुला आठवत असेल, गेल्या महिन्यात मी तुला फोन केला होता. आम्हाला शेवटच्या वर्षाला 'कामाचा इतिहास' असा एक विषय आहे. त्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची, त्याच्या कामाविषयी मुलाखत घेऊन लिहून द्यायची होती. आमच्या घराण्यात छत्तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करणारी बाई आहे म्हटल्यावर मी वर्गात कॉलर ताठ करून बसले होते. मग मी फोन लावला आणि तू मला एकंदर अकरा शब्द दिलेस. मी मोजले आहेत. त्यातले चार "हं" होते, दोन "नाही" होते, आणि उरलेले पाच "नंतर कर, गिऱ्हाईक आलंय आत्ता." दोन हजार शब्दांची मुलाखत अकरा शब्दांतून कशी काढायची हे मला कळेना. मी नंतर पुन्हा फोन करायला हवा होता, हे मान्य. पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे बंद शटरशी बोलणं, हे तूही मान्य कर.

तर एका शनिवारी दुपारी मी एआयकडे गेले. एआय म्हणजे काय ते सांगते. कॉम्प्युटरच्या आत बसलेले एक गृहस्थ आहेत असं समज. काहीही विचारा, ताबडतोब उत्तर देतात, गोड भाषेत देतात, आणि उत्तर माहीत नसलं तरी देतात. (आपल्या मधल्या काकांना रस्ता विचारला की ते हात लांब करून ठामपणे दाखवतात आणि आपण स्मशानापाशी निघतो, तसंच. फरक एवढाच की हे गृहस्थ चूक दाखवली तर क्षमा मागतात.) मी त्यांना म्हटलं, माझी आत्या शिलाई मशीनं दुरुस्त करते, फार कमी बोलते, तिची मुलाखत लिहून द्या. त्यांनी चहा गार व्हायच्या आत लिहून दिली.

आत्या, त्या मुलाखतीत तू काय बोलतेस गं! तू पहाटे चारला उठतेस. (मला ठाऊक आहे तू दुकान कधी उघडतेस.) तू सुईच्या टोकावर आयुष्याचा अर्थ पेलतेस. प्रत्येक धाग्यात तुला एक कहाणी दिसते. कोटाचं तुटलेलं बटण पिनेने अडकवून वर्षभर हिंडणारी तू, त्या मुलाखतीत अख्ख्या गल्लीचे कपडे शिवतेस. आणि बिघडलेलं मशीन तू "मायेने तेलात न्हाऊ घालतेस". हे वाचून तू खुर्चीतून उठली असशील याची मला कल्पना आहे, कारण मशीनमध्ये दोन थेंबांऐवजी बाटलीभर तेल ओतणाऱ्या गिऱ्हाइकांना तू दारातूनच कसं बोलतेस ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मलाही ते खटकलं होतं. पण वाक्य छान होतं, म्हणून राहू दिलं.

इथपर्यंत असतं तर मी दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण मुलाखत वाचताना मला वाटलं की हिच्यात जीव नाही, कुठल्याही आत्याची वाटते. म्हणून मी त्या गृहस्थांना आपल्या घरातलं सांगितलं. तुझं आणि बाबांचं. बाबांनी तुझ्या दुकानाची पाटी रंगवली आणि तिच्यावर "भाऊ-बहीण मशीन दुरुस्ती" असं लिहिलं, त्यात भाऊ आधी आणि बहिणीपेक्षा बोटभर मोठा, आणि त्या भावाने जन्मात पेचकस हातात धरलेला नाही. तू ती पाटी उतरवून उलटी केलीस आणि तिच्यावर मशीनं खोलायला लागलीस. त्यावर बाबा म्हणाले, "माझी कला तेलात घातली!" आणि अकरा वर्षं अबोला. हे सगळं मी एका अनोळखी पेटीला सांगितलं, जे मी शेजारच्या काकूंनाही कधी सांगितलेलं नाही. (त्यांना आधीच ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.) त्या गृहस्थांनी "ही भावना मी समजू शकतो" असं म्हणून सहाव्या परिच्छेदात तुला बाबांना माफ करायला लावलं. शब्द असे: "माझा भाऊराया अबोल राहिला, तरी त्याच्यासाठी माझ्या दाराची कडी मी कधीच लावली नाही."

मी ती छापली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. परत येते तो बाबा चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांपाशी धरून बसलेले, आणि डोळे ओले. ब्रशाच्या केसांवरून दुकानदाराशी तासभर भांडणारे आपले बाबा! त्यांनी एवढंच विचारलं, "असं म्हणाली ती?"

त्या क्षणी मला "नाही" म्हणता आलं असतं. ओल्या केसांतून पाणी गळत होतं, तेवढा वेळही होता. पण मी "हं" म्हटलं. (बघ, तुझ्यावर गेले आहे.) तोवर माझ्याकडून एक फसलेला गृहपाठ झाला होता. त्या "हं"पासून ते खोटं झालं.

मुलाखतीबरोबर एक फॉर्म भरायचा असतो: एआय वापरलं का, कुठे, किती. वापरायला बंदी नाही, फक्त लिहायचं. मी "फक्त शुद्धलेखन तपासलं" वर खूण केली आणि सही ठोकली.

बुधवारी मॅडमनी सगळ्यांना आपापल्या मुलाखतीतला आवडता उतारा मोठ्याने वाचायला लावला. पहिली उठली तिचे आजोबा ट्राम चालवायचे. ते म्हणाले होते, "हात थकले, पण स्वप्नं थकली नाहीत." वर्ग हळहळला. मग एकीची काकू, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. तिचेही हात थकले होते आणि स्वप्नं थकली नव्हती. वर्ग जरा कमी हळहळला. तिसऱ्याचे चुलते गवंडी. हात थकलेले, स्वप्नं ताजी. आत्या, माझ्या कागदावर पिवळ्या पेनाने अधोरेखित केलेलं तुझं वाक्य काय होतं ते तुला आता सांगायला नको. मी ऐनवेळी दुसरं वाक्य शोधायला गेले तर घाईत नेमकं तेच वाचलं. चौघांनंतर वर्गात कोणी हळहळलं नाही.

माझ्यानंतर मागच्या बाकावरचा एक जण उठला. त्याचा मामा बेकरीत भट्टीवर असतो. त्याने मामाचं वाक्य वाचलं: "पीठ नाकात जातं. शिंकलं तर मालक ओरडतो. म्हणून मी शिंक गिळायला शिकलो." वर्ग फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या वेळी मला आमच्या चौघांच्या थकलेल्या हातांची इतकी लाज वाटली की काय सांगू.

तास संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. बोलावलं नव्हतं, आपणहून गेले. (मागोमाग ट्रामवाल्या आजोबांची नातही दाराशी घुटमळत होती.) मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या आता भडकतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "आत्या आहेत ना अजून?"

म्हटलं, "आहे. ठणठणीत आहे. गुडघा सोडून."

"मग त्यांच्या तोंडी दोन हजार शब्द घालण्याआधी त्यांना विचारायचं नाही? आणि त्यांच्या घरचं भांडण त्या पेटीला सांगायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

मी म्हटलं, "मॅडम, भांडण माझ्याही घरचं आहे."

"तुमचं अर्धं सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. मग जरा नरमल्या. म्हणाल्या, प्रश्न काढायला, चुका तपासायला, वापरा की, मीही वापरते. पण वापरलं तिथे तसं लिहा, आणि ते जे ठोकून देतं ते तपासून घ्या. छत्तीस वर्षं मशीन दुरुस्त करणारी बाई तेलाविषयी असं बोलेल का, एवढं तरी विचारायचं. त्यांच्या आईचं शिलाई मशीन होतं, म्हणून तेलाच्या वाक्याशीच त्यांना संशय आला होता. माझे गुण शून्य झाले, आणि तो फॉर्म त्यांनी माझ्याच हाताने फाडायला लावला.

तर आत्या, झालं ते असं झालं. तुझी माफी मागते. तुला न विचारता तुला बोलकी केली, हळवी केली, वर शिवणकाम करायला लावलं. मला या पत्रातून काहीही नको, फक्त तू रागावू नकोस.

तुझी (अजून समजत असशील तर) भाची,
टकळी

ता. क. काहीही नको असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. पंधरा दिवसांत मुलाखत पुन्हा द्यायची आहे, खरी. चौदा प्रश्न काढले आहेत. (त्यातले तीन एआयने सुचवले, तसं फॉर्ममध्ये लिहिणार आहे.) एका प्रश्नाला निदान एक वाक्य दे. "हं" हे वाक्य धरलं जात नाही, मी मॅडमना विचारून घेतलं आहे.

ता. क. दुसरा. मी गुरुवारी येते आहे. एकटी नाही. बाबांनी दोन दिवसांची रजा टाकली, नवा शर्ट इस्त्री केला आणि दोन तिकिटं आणली. सहाव्या परिच्छेदाच्या भरवशावर निघाले आहेत आणि त्यांना खरं सांगायची माझी हिंमत झालेली नाही. तू दारातच "कसली कडी?" असं विचारू नकोस एवढीच विनंती.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार होते, पण राहवलं नाही, बाबांना सांगून टाकलं. ते शर्टाची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. ती मला उभ्या जन्मात भाऊराया म्हणालेली नाही. 'ए' म्हणते." मी विचारलं, मग डोळे कशाने भरले? तर म्हणाले, "वाचताना तुझ्या आत्याचाच आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. ऐकू येईना." आणि पुढे म्हणाले की तिकिटं काढलेली आहेत, ती काही आता ते परत करणार नाहीत.

त्यांनी खाली एक ओळ लिहायला सांगितली आहे. त्यांचीच आहे, मी काना-मात्रासुद्धा बदललेला नाही:

"गुरुवारी येतोय. असशील ना?"