नीमाच्या आईचा फोटो

शनि. ५ ऑक्टो.
रेवाबरोबर तिच्या फोटोच्या क्लासला गेले. घरी एकटी बसून काय करू? मुलगा-सून शनिवारीसुद्धा लॅपटॉपला चिकटलेले. आमची नात कॉलेज सांभाळून इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये आफ्रिकेतून आलेल्या पोरींना कॅमेरा शिकवते. सात-आठ जणी आहेत. प्रत्येकीने एक फोटो काढायचा आणि सव्वीस तारखेला लोकांसमोर उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. म्हटलं, मला चौथीत कविता म्हणायला उभं केलं तर मी रडले होते, शाळाच सुटली त्यानंतर. रेवा म्हणे, "आज्जी, दॅट्स द होल पॉइंट!"
त्यात एक नीमा. काँगोची, विशीतली, इथे मावशीकडे राहते. हसते गोड, बोलत नाही. माझ्या डब्यातली पोळी उलटीपालटी करून बघितली, मग खाल्ली.

बुध. ९
नीमाला घरी बोलावलं. त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात, आणि चहाला चाय! गुंडाळी करून लाटते, काय पदर सुटतात. माझ्या पोळ्यांपेक्षा बऱ्या. सुनेला सांगितलं नाही, रोज ऐकावं लागेल.
तिने फोटो दाखवला. हातात फोन, फोनवर आईचा चेहरा. आई अजून तिकडे युगांडात, निर्वासितांच्या छावणीत. तिचे कागद अडकलेत. फोटो बघतच राहावं असा. पण गोष्ट विचारली की मान खाली. रेवा म्हणते, सांगायची तर आहे तिला, पण तोंडच उघडत नाही. सतरा दिवस राहिले.

शनि. १९
नको ते झालं आज. हॉल सजवायचा होता म्हणून मागच्या अंगणातल्या झेंडूचं तोरण केलं. उरलेल्या फुलांचा छोटा हार ओवला, म्हटलं क्लास भरवणाऱ्या चर्चच्या बाईंना घालू. चहा घ्यायला वळले तेवढ्यात रेवाने तो हार नीमाच्या आईच्या फोटोला घातला! ओरडलेच मी. धावत जाऊन काढला, गुडघा-बिडघा काही आठवला नाही.
रेवा रडवेली. "पण आज्जी, आजोबांच्या फोटोला घालतो ना आपण? आय थॉट इट मीन्स लव्ह."
पोरीचा काय दोष. इथे जन्मली, घरात हारवाला फोटो तेवढा एकच. आम्ही कधी सांगितलंच नाही, हार कुणाला घालतात ते.
नीमा विचारत राहिली, काय झालं. काहीतरी थाप मारणार होते, नाही जमलं. रेवाला मध्ये घालून खरं सांगितलं. तिने फोटो भिंतीवरून काढला, छातीशी धरला आणि गेली.
जेवण गेलं नाही.

रवि. २०
नीमाकडे गेलो. मावशी दारातच उभी. तिचं इंग्रजी रेवाने मला मराठीत सांगितलं : "जिवंत बाईला परत मारायला आलात?"
म्हटलं, चूक माझ्या घरची, म्हणजे माझी. हात जोडले. मग बसा म्हणाली. चाय केला, आलं घालून.
बसले की मी बोलतेच. काय काय बोलले. माझ्या आईचा एकही फोटो नाही तेही. आता तिचा चेहरा आठवायला गेलं की थोरल्या बहिणीचाच येतो. नीमा ऐकत होती. येईन म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही.

शनि. २६
आली! पिवळा झगा, डोक्याला तसलंच फडकं. मावशीपण. फोटो स्वतःच्या हाताने लावला.
रेवाने फोन माझ्या हातात दिला. "आज्जी, रेकॉर्ड कर. हलू नकोस." आणि स्वतः माझ्या कानात मराठी करत बसली.
नीमाने आधी हाराचीच गोष्ट सांगितली. हॉलभर हसले लोक, मी खाली बघितलं. मग म्हणाली, छावणीतून निघाले, बसमध्ये चढत होते, आई मागून हाका मारत होती. मी वळून बघितलं नाही. आईला वाटतं, मला जायचीच घाई होती. वळले असते तर चढलेच नसते. हे आईला अजून सांगितलेलं नाही.
मावशीने हुंदका दिला. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटल्या. केवढी उंच दिसत होती पोरगी!
घरी येऊन बघतो तर मी डोळे पुसताना अंगठा लागलेला. "हाका मारत होती" इथपर्यंतच रेकॉर्डिंग. पुढे काही नाही. रेवाने कपाळाला हात लावला.

सोम. २८
नीमाने तेवढंच आईला पाठवलं. आईचं उत्तर आलं, "मग?"
सकाळीच नीमा आमच्याकडे. मावशीच्या घरात चार माणसं, बोलायला कोपरा नाही. रेवाने मराठी करून सांगितलं, म्हणे, आज्जी, हॉलभर लोकांना सांगितलं, आता एकीला सांगायचंय तर धीर होत नाही. (आज्जी म्हणते मला आता.) म्हटलं, माझ्या अंगठ्याने घोटाळा केला ग. हसली. म्हणाली, बरं झालं.
स्वयंपाकघर तिला दिलं, चहा ठेवला समोर, दार ओढलं आणि इथे येऊन लिहीत बसले. भिंती पुठ्ठ्याच्या असल्यासारख्या, सगळं ऐकू येतं. रिंग वाजली. आईने उचलला. तिकडून मोठ्याने तिचं नाव घेतलं, दोनदा.
नीमा अजून काही बोललेली नाही.