वहीचं शेवटचं पान

अप्पा, तुमची निळी वही परवा माझी लेक घेऊन गेली. तुम्ही तिचे ताता, पण तिला पाहिलं नाहीत. तुम्ही कॉलेजात शिकवायचात तेच भौतिकशास्त्र शिकली आणि कॉफीही तुमच्यासारखीच गार करून पिते. तंजावुरात वाढली, मराठी कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. तो दोष माझाच. म्हणून गेल्या रविवारी स्वयंपाकघरात बसून मी तिला वही वाचून दाखवली.

तुम्हाला ती दुपार आठवते? इडलीचं पीठ अर्धवट वाटलेलं आणि वीज जाते. अम्मा वैतागलेली. तुम्ही खाली बसता, ओल्या बोटाने काळ्या फरशीवर समीकरण मांडता आणि म्हणता, "समुद्राच्या पाण्यातून सूर्याची आग काढता येते. ह्यात मनाई कोठे आहे, दाखव." मी हसले, तर केवढे रागावलात! "गणित ज्याला मनाई करत नाही, ते एक दिवस होतंच." फरशी वाळली, वीज काही आली नाही. पण त्या दिवसापासून मला पुढच्या काळाची भीती वाटेनाशी झाली.

वहीत तेच आहे. न तापणाऱ्या तारा, खारं पाणी गोड करणारी यंत्रं, कावेरीच्या टोकापर्यंत दिवे. "अम्मा, अस्कं वाच, एक ओळही सोडू नको," लेक म्हणाली. तिला नोकरी लागली आहे. समीकरण तुमचंच, पण तिथे काय बनवतात ते घरीही सांगायचं नाही, अशा कागदावर सही घेतली आहे. मी विचारलं, "वीजच ना, कण्णा?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्ता तरी तेच म्हणतात." मी पुढचं पान उलटलं.

मग शेवटचं पान आलं. आजारपणातलं, अक्षर वाकडं झालेलं. 'मनाई चांगल्याला नाही, तशी वाईटालाही नाही. हे मी वर्गात कधी बोललो नाही. ज्या कामाबद्दल घरी बोलता येत नाही, त्याला माझ्या मुलांनी हात लावू नये.'

"त्यात काय आहे?" तिने विचारलं. तिचा चेहरा तुमच्या त्या दुपारच्या चेहऱ्यासारखा उजळला होता. मला तो विझवता आला नाही.

"काही नाही. किराणा."

आज तिचा फोन आला. वही नोकरीच्या गावी खोलीत टेबलावर ठेवली आहे म्हणे. "एवढं मोठं लिहून शेवटी ताता किराणा लिहितात, मला तेच पान आवडतं," असं म्हणून ती हसली. मीही हसले, अप्पा.

हे पत्र मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. कधी तिच्या हाती पडलंच, तर तिला वाचता येऊ नये म्हणून.