न कापलेली चौदा सेकंदं

ब्रनो, २१ ऑक्टोबर १९९१

प्रिय बाबा,

हे फोनवर बोलता आलं नसतं. अवघड प्रश्न आला की तुम्ही आईला हाक मारता आणि रिसीव्हर तिच्या हातात देता. पत्र तसं देऊन टाकता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या चौऱ्याहत्तर सालच्या ध्वनिमुद्रणाचं काम संपत आलं आहे. द्वोर्झाकची सहावी सिंफनी. पारितोषिक, परदेशचे दौरे, वाद्यवृंदाचं मुख्य संचालकपद, सगळं तुम्हाला त्याच्या नंतर मिळालं. ती आता नव्या डिस्कवर निघणार आणि जुन्या टेपवरची खरखर काढायचं काम योगायोगाने माझ्याकडे आलं, याचा तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "दाना, निवडक तुकडे जोडून केलेलं शेवटचं रीळ तेवढं घे. बाकीची ऐकत बसू नकोस, कचरा आहे तो." सहा वर्षांत तुम्ही माझ्या कामात एकदाही सूचना केली नव्हती. मी त्याच दुपारी बाकीची अकरा रिळं मागवली.

आधी तुमची टाच. तुमच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात जोरदार सुरावटीच्या आधी डाव्या टाचेचा ठोका असतो. तो काढण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे तो मी झोपेतही ओळखेन. सहाव्या सिंफनीत तो एकदाही नाही. मला वाटलं, आधीच कोणी साफ केला असेल. पण कापल्याची खूण टेपवर दिसते, आणि इथे ती नव्हती. मग तिसरा भाग ऐकला, तो फुरियांत, दोन-दोनच्या ठोक्यांनी फसवून तीनवर येणारा आपला नाच. तुमच्या हाताखाली तो नेहमी जड बूट घालून नाचतो. रागावू नका, हे तुम्हीच एकदा म्हणाला होतात. टेपवर तो अनवाणी आहे. आणि त्यानंतर सतरा वर्षांत तुम्ही ही सिंफनी एकाही मैफलीत घेतलेली नाही. लोक मागत राहिले, तुम्ही पाठदुखी सांगत राहिलात.

मला चौऱ्याहत्तरचा हिवाळा आठवला. मी दहा वर्षांची होते. शनिवारी मागच्या दाराने रादोवानकाका यायचे, तुमचे कॉन्झर्व्हेटरीतले, संगीत विद्यालयातले मित्र. अडुसष्ट साली देशात परदेशी रणगाडे आले ते बरंच झालं, अशा कागदावर सही केली नाही म्हणून त्यांना दोन वर्षांपूर्वी वाद्यवृंदातून काढलं होतं आणि ते इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर पेटवत. शेजाऱ्यांना सांगायला मला शिकवलं होतं: आमचे बॉयलरवाले काका. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून तुम्ही दोघं टेबलावर स्वरलिपी पसरायचात. काका चमच्याने ठोके द्यायचे, तुम्ही पेन्सिलीने लिहून घ्यायचात. मला वाटायचं, तुम्ही त्यांना शिकवता आहात. दिलासा म्हणून.

सातव्या रिळावर, फुरियांतच्या चौथ्या प्रयत्नानंतर कोणीतरी माइक बंद करायला विसरलं आहे. स्टुडिओत कुजबुज आहे. हॉर्नवाल्यांपैकी एक जण म्हणतो, "आज देव वर बसलाय आणि सृष्टी खाली दुसराच चालवतोय." दुसरा म्हणतो, "गप रे गाढवा, टेप फिरतेय." आणि मग वरच्या काचेच्या खोलीतून, भिंतीवरच्या स्पीकरमधून, डब्यात बोलल्यासारखा तुमचा आवाज येतो: "रादोवान, सत्तावीस नंबरच्या खुणेपासून पुन्हा. हॉर्न मागे पडतायत." मोजून चौदा सेकंदं. त्या क्षणी तुम्ही वाद्यवृंदासमोर नव्हतात, बाबा.

त्या अकरांतल्या शेवटच्या रिळावर सुरावट संपते आणि व्हायोलिनवाले गज स्टँडवर आपटतात. संचालक आवडला की ते तसं करतात. चाळीस सेकंदं. तुमच्यासाठी मी ते जास्तीत जास्त नऊ सेकंदं ऐकलं आहे. बहात्तर माणसांना माहीत होतं आणि बहात्तर माणसं गप्प राहिली.

मी सर्वांत वाईट तेच धरून चालले. तुम्ही त्यांचं काम घेतलंत आणि मग त्यांना वाऱ्यावर सोडलंत. खात्री करायला रविवारी त्रेबीचला काकांकडे गेले. त्यांनी आलुबुखाराचे डंपलिंग केले होते, वर खसखस. म्हणाले, "पकडला गेला असता तर तुझा बाप माझ्या शेजारी कोळसा ओढत असता. नाव त्याचं नसतं तर टेप झालीच नसती, पोरी. तीन दिवस मी पुन्हा माणूस होतो." मी म्हटलं, "मग बाबांनी तुमच्याशी येणं-जाणं का थांबवलं?" म्हणाले, "बक्षीस मिळालं ना. ज्याचं बक्षीस आपण घेतो त्याच्या घरी जाणं जड जातं." मी विचारलं, "आणि आता? ती राजवट पडून दोन वर्षं झाली, आता तर कोणी कोणाला पकडत नाही." ते कॉफीचं पाणी ठेवायला उठले. पाणी उकळून उकळून आटलं, तरी ते आतून आले नाहीत.

म्हणजे माझा संशय चुकीच्या जागी होता. चौऱ्याहत्तरमध्ये तुम्ही जे केलंत ते करायला माझ्यात धैर्य नसतं, हे मी लिहून देते. मला एकोणनव्वदनंतरचे तुम्ही कळत नाही. गेल्या वसंतात तुम्ही मुलाखतीत त्या फुरियांतबद्दल म्हणालात, "तो मला एका सकाळी आपोआप सापडला." हे म्हणायला तुम्हाला कोणी भाग पाडलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता डिस्कच्या वेष्टनाचा मजकूर छपाईला जातो. संचालकाच्या नावाची ओळ मी कोरी ठेवली आहे. ती मी भरणार नाही, काकाही भरणार नाहीत. तुम्ही या आणि स्वतःच्या हाताने लिहा. डिस्कच्या शेवटी थोडी जागा उरते आहे. ती चौदा सेकंदं मी कापलेली नाहीत. तुम्ही ओळ नीट भरलीत तर काढून टाकीन, मग त्यांची गरज उरणार नाही. नाही आलात तर ती तशीच जातील, तुमच्याच आवाजात.

शुक्रवारपर्यंत तुमचीच,
दाना