चतुराबाईंची सही

हे मृत्युपत्र लिहून ठेवते ती मी, अंबिका मुरलीधर पाथरीकर, वय एकसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सेलू, जिल्हा परभणी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते, अंगात त्राण उरलेले नाही, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला घरात आहे तरी कोण?

१. राहते घर व बँकेतली ठेव माझी मुलगी मैथिली हिला. घर विकायचे तर खुशाल विकावे. मला त्याचा लोभ राहिला नाही.

२. पलंगाखालच्या पेटीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, एसटीची तिकिटे, खताच्या पिशव्या आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनपावत्या आहेत. हा कचरा नव्हे, यांवरच मी वाचायला शिकवले. पेटी माझ्या शाळेला द्यावी. नोकरीआधी तीन वर्षे मी जिनिंगमध्ये पावत्या लिहीत असे. कापूस घेऊन आलेल्या बाया पावती उलटी धरून विचारायच्या, "बाई, बरोबर लिवलं ना?" मुलांना धड्याआधी पावती वाचता यावी, हे तिथे डोक्यात बसले.

३. आमच्या एका मुख्याध्यापकांना माझ्याकडून काही नाही, इथे नावही नाही. त्यांनी गोपनीय अहवालात लिहिले होते, 'यांच्या पहिलीच्या मुलांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही.' खरे आहे. मी ते शेवटी शिकवत असे. कारण सांगायची लाज वाटायची, म्हणून बोलणी खाल्ली. आता लपवून काय करू?

४. ब्याण्णव साली साक्षरता मोहिमेत मी पोखर्णीकडच्या एका गावात स्वयंसेविका होते. गाव साक्षर जाहीर करायची तारीख तोंडावर आली. मी बायांना नुसत्या सह्या गिरवायला लावल्या आणि यादीत 'साक्षर' लिहून मोकळी झाले. चतुराबाई आश्रुबा वाघ यांची सही सगळ्यांत देखणी. दोन वर्षांनी त्यांचे पती वारले. वारसाची नोंद करायची आहे असे सांगून दिराने हक्कसोडपत्र पुढे केले. अंगठा असता तर कुणीतरी वाचून दाखवले असते. सही येते म्हटल्यावर कुणी तसदी घेतली नाही. तीन एकर रान गेले. ती सही मी शिकवली होती.

पुढे चार वर्षे दर रविवारी जाऊन मी त्यांना वाचायला शिकवले. वर्गात नेम केला, आधी वाचन, नाव सर्वांत शेवटी. चतुराबाईंनी मला केव्हाच माफ केले आहे.

५. माझ्या पाटल्या चतुराबाईंना देऊ केल्या. त्या म्हणाल्या, "मला काय बी नको, बाई. साक्षीला बसवा. समदं वाचीन, मंग सही करीन." म्हणून पाटल्याही मैथिलीला.

ठिकाण: सेलू. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

सही: अंबिका मुरलीधर पाथरीकर

साक्षीदार:

१. भागवत लिंबाजी कदम, शेजारी. (न वाचताच सही करत होते. थांबवले.)

२. चतुराबाई आश्रुबा वाघ. (वाचायला सव्वा तास लागला. कलम चारच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खोडा, बाई. असं मी कवा म्हणले?" ते वाक्य खोडले आहे, शेजारी माझी सही आहे. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे वाचले आणि मग सही केली.)